खाली काय आहे?

साहित्याच्या चर्चेत 'गाभा' हा शब्द आम्ही इतक्या सहजपणे वापरतो की त्याच्याकडे कधी निरखून पाहावे असे वाटतच नाही. कवितेचा गाभा, कादंबरीतील अर्थाचे थर, लेखकाच्या अंतरंगात खोल उतरणे, अशा शब्दांवर वर्गातले तासच्या तास निभावून जातात. या साऱ्यांमागे एकच चित्र असते: वरचे साल सोलले की आतले हाती लागते. भूगर्भशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातील आकृतीही वरवर पाहता हेच सांगते. एक फाक काढलेला गोल, त्यात बाहेरून आत भूकवच, प्रावरण आणि गाभा. शाळेत असताना ही आकृती आम्ही मोठ्या हौसेने रंगवली होती आणि प्रावरणाला लाल रंग दिला होता. त्या लाल रंगाचे एक ओझे आम्ही तीसहून अधिक वर्षे बाळगून आहोत.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन झाले होते. गावे दमून झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे झोपेतच गेली. आम्ही तेव्हा महाविद्यालयात शिकत होतो आणि मदतीसाठी गेलेल्या विद्यार्थ्यांच्या एका तुकडीत होतो. एका पत्र्याच्या शेडमध्ये धान्य वाटत असताना एका आजींनी विचारले, "लेकरांनो, तुम्ही शिकलेली मान्सं. खाली हाय तरी काय?"

आम्ही उत्साहाने सांगितले: आजी, खाली उकळता लाव्हा आहे, त्यावर ही जमीन सायीसारखी तरंगते, लाव्हा हलला की जमीन हलते. आजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मंग ती आग वर यील का?" आमच्यापैकी कोणीतरी म्हणाले, येऊही शकते. पुढे आम्ही तेथे होतो तोवर त्या आजी जमिनीला पाठ टेकवायला तयार झाल्या नाहीत. पोत्यांच्या थप्पीवर बसून त्या रात्र काढीत.

आम्ही सांगितले ते चूक होते, हे कळायला पुष्कळ वर्षे लागली. प्रावरण म्हणजे उकळत्या रसाचा समुद्र नव्हे. सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत पसरलेला तो जवळजवळ संपूर्ण घन खडक आहे. तापलेला असल्यामुळे तो वर्षाला काही सेंटिमीटर इतक्या मंद गतीने सरकतो, पण घनच. वितळलेला खडक त्यात फार थोडा, काही विशिष्ट ठिकाणी असतो. खरोखर द्रवरूप आहे तो त्याखालचा बाह्य गाभा, लोखंड आणि निकेल यांचा. आणि त्याच्याही आत, सुमारे ५,१५० किलोमीटरखाली, पुन्हा घन असा आंतर गाभा.

हे पाहिले कोणी? कोणीच नाही. रशियातील कोला द्वीपकल्पावर १९७० साली सुरू झालेले छिद्र १९८९ साली १२,२६२ मीटरपर्यंत पोहोचले आणि तेथेच थांबले. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. म्हणजे त्या अंतराचा पाचशेवा हिस्सादेखील माणसाने ओलांडलेला नाही. जे कळले ते भूकंपांच्या लहरींवरून. त्या कथेचे एक टोक भारतातच आहे. १२ जून १८९७ रोजी आसामात झालेल्या प्रचंड भूकंपाचा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी केला. दूरच्या यंत्रांवर उमटलेल्या नोंदींत त्यांना वेगवेगळ्या वेगाने आलेल्या लहरी स्पष्टपणे वेगळ्या ओळखता आल्या. पुढे १९०६ साली अशाच नोंदींच्या आधारे, पृथ्वीच्या मध्यभागी वेगळ्या द्रव्याचा गाभा असला पाहिजे, असे त्यांनी मांडले. दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत. त्या प्रावरणातून पार जातात आणि बाह्य गाभ्याशी नाहीशा होतात. त्यांच्या पोहोचण्यावरून प्रावरण घन ठरले आणि न पोहोचण्यावरून बाह्य गाभा द्रव ठरला.

डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी तर जेथे लहरी पोहोचायलाच नकोत तेथे उमटलेल्या क्षीण नोंदींकडे लक्ष दिले. १९२९ साली न्यूझीलंडमध्ये झालेल्या भूकंपाच्या त्या नोंदी इतरांनी किरकोळ म्हणून सोडून दिल्या असत्या. १९३६ साली लेमान यांनी त्यांचा अर्थ लावला: गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे. किल्लारीचा भूकंप झाला त्याच वर्षी, फेब्रुवारीत, वयाच्या १०४ व्या वर्षी त्या वारल्या.

आता किल्लारीकडे परत येऊ. भारतीय भूखंड उत्तरेला सरकत आशियाला रेटतो आहे. त्या दाबाचा ताण खाली द्वीपकल्पापर्यंत साठतो. मराठवाड्याचा खडक थंड आणि कठीण, म्हणून तो ताण सोसत राहतो आणि एके दिवशी तुटतो. तो तुटला तेही अवघ्या काही किलोमीटरांवर. वितळलेले द्रव्य असे तुटत नाही. म्हणजे जमीन हलली ती खाली रस होता म्हणून नव्हे, खाली दगड होता म्हणून. भूकंपानंतर तेथे छिद्र घेतले गेले, तेव्हा सुमारे ३४० मीटर काळा पाषाण, त्याखाली गाळाच्या खडकाचा जेमतेम आठ मीटरांचा थर आणि मग अतिप्राचीन स्फटिकी खडक, असा क्रम मिळाला.

तो काळा पाषाण मात्र लाव्हाच होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला आणि कधीच निवालेला. गावकऱ्यांनी त्याच दगडाच्या, मातीत रचलेल्या जाड भिंती उभारल्या होत्या आणि त्यांवर मातीचे जड माळवद घातले होते. माणसे मेली ती त्या भिंतींखाली आणि माळवदांखाली. आजींना ज्याचे भय घातले तो लाव्हा त्यांच्या पायांखाली उकळत नव्हता. तो त्यांच्या घराच्या भिंतींत होता, आणि त्याविषयी सांगण्याजोगे खूप काही होते. भिंती कशा बांधाव्यात, छप्पर कसे हलके करावे, हे सांगता आले असते. आम्ही चित्र सांगितले.

तेव्हापासून 'गाभा' हा शब्द आम्ही वर्गात जपून उच्चारतो. तो सोडून दिलेला नाही. पृथ्वीला गाभा आहे, तसा कदाचित कवितेलाही असेल. पण तो सोलून हाती येत नाही. वाचताना आपले वाचन कोठे वळते, कोठे मंदावते, अपेक्षित ते कोठे पोहोचतच नाही आणि नको तेथे काय क्षीणपणे उमटते, एवढेच आपल्याला नोंदवता येते. त्यावरून आत काय असावे ते मांडायचे, आणि पुढच्या वाचनात ते चूक ठरले तर मुकाट्याने बदलायचे. विद्यार्थी एखाद्या ओळीचा ठाम अर्थ विचारतात तेव्हा उत्तर ओठांवर येते आणि त्या आजी आठवतात.

त्यांचे नाव आम्ही विचारले नव्हते. आता त्या हयात नसतील. त्यांना द्यायचे उत्तर साधे होते: आजी, खाली दगड आहे, खूप खोलवर दगडच आहे. आग वर येणार नाही. निवांत निजा.