मूळ आधी, नवे मागाहून

घरातील मुले व्हिडिओ गेमविषयी वाद घालू लागली की आम्ही श्रोत्याची भूमिका पत्करतो. 'रेसिडेंट ईव्हिल २' हा खेळ १९९८ सालचा. तो २०१९ साली पुन्हा नव्याने घडविला गेला. मध्ये २१ वर्षे लोटली. 'द लास्ट ऑफ अस' मात्र २०१३ साली निघाला आणि २०२२ मध्येच त्याची नवी घडण बाजारात आली. जुनी यंत्रे मोडीत निघाली, चित्रे डोळ्यांना भरड वाटू लागली, म्हणजे खेळ नव्याने करणे योग्यच. परंतु मूळ खेळ सुखाने चालत असता एवढी त्वरा कशासाठी, हा मुलांचा प्रश्न.

आम्हांस मात्र दादासाहेब फाळके आठवले. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला आणि चारच वर्षांनी, १९१७ मध्ये, त्यांनी तो पुन्हा चित्रित केला. आज जतन झालेली रिळे या दुसऱ्या चित्रपटाची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. 'प्रभात'ने तर अंतरच ठेवले नाही. १९३७ साली मराठीत 'कुंकू' आणि हिंदीत 'दुनिया न माने' एकाच वर्षी आले; दिग्दर्शक शांताराम आणि नायिका शांता आपटे दोन्हींत त्याच.

मग त्वरेत वावगे ते काय? वावगे काही नाही. पण आम्हां बृहन्महाराष्ट्रीयांची अडचण निराळी आहे. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' एप्रिल २०१६ मध्ये आला आणि जुलै २०१८ मध्ये हिंदी 'धडक'. कथा करमाळ्याच्या मातीतून उदयपूरच्या तळ्याकाठी गेली. जातीचा काच बराच सैल झाला. 'झिंगाट'ची अजय-अतुल यांची चाल मात्र तीच राहिली. आमचे बऱ्हाणपूर रावेर-भुसावळच्या किती निकट! तरी येथील मुलांची शाळा हिंदी, खेळगडी हिंदी. 'सैराट' पाहताना आमच्या नातीने विचारले, "आजोबा, हा 'धडक'वरून काढलाय ना?"

तिचा दोष नव्हता. जे आधी भेटते, तेच मुलांना मूळ वाटते. महाराष्ट्रातील मुलास रस्त्यावर, शेजारी मूळ गोष्ट आपोआप भेटते. आमच्या मुलांना ती कोणी तरी हाताला धरून भेटवावी लागते. नवी आवृत्ती दोन वर्षांत येवो वा वीस वर्षांत, तिला अडविणे आपल्या हाती नाही, आणि तसे कारणही नाही. घरात कोणती आधी लावायची, एवढे मात्र आपल्या हाती आहे. आमच्याकडे आता मराठी आधी लागते. एखादा शब्द अडला तर चित्र थांबवून अर्थ सांगतो. वेळ थोडा अधिक जातो. पण त्या निमित्ताने मुलांशी मराठीत बोलणे होते.