फरशीवरून दिसणारं घर

फरशीवर पडलेल्या माणसाला स्वतःचंच घर परकं होतं. टेबलावर फोन वाजतोय हे ऐकू येतं, पण हात टेबलाच्या कडेपर्यंतही पोचत नाही. पाण्याचं भांडं ओट्यावर, दिव्याचं बटण भिंतीवर, दाराची कडी तर फारच वर. सगळं घर उभ्या माणसासाठी लावलेलं असतं. आडव्या पडलेल्याच्या हाताशी फक्त गार फरशी आणि पायपुसणं उरतं.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यातल्या, मदत मागायच्या बटणाचा विचार मी नेहमी या उंचीवरून करते. दुकानातल्या काचेमागे ते किरकोळ दिसतं. फरशीवरून पाहिलं तर घरातली हाताला लागणारी तेवढी एकच वस्तू असते.

पडण्यापेक्षा पडून राहणं जास्त घातक. तासाभराच्या वर एकाच कुशीवर पडून राहिलं की अंगाखालचे स्नायू दबून मोडू लागतात, त्यांतली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर भार येतो. घसा कोरडा पडतो, अंग गार पडतं, त्वचा सोलवटते. खुब्याचं हाड शाबूत असलेलं माणूससुद्धा त्या पडून राहण्यानं खचतं. वार्धक्याचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू डिब्नर यांनी याच प्रश्नासाठी 1974 मध्ये ‘लाइफलाइन’ उभी केली. मांडणी साधी आहे. गळ्यातलं बटण दाबलं की घरातल्या पेटीला रेडिओसंकेत जातो, पेटी फोनवरून केंद्राला गाठते आणि तिच्यातल्या मोठ्या स्पीकरमधून कुणीतरी नावानं हाक मारतं. आतल्या खोलीतून ओरडून उत्तर दिलं तरी चालतं. नाहीच दिलं, तर मदत निघते.

जपानमध्ये याहून वेगळी वाट काढली गेली. झोजिरुशी कंपनीनं 2001 मध्ये पाणी गरम ठेवणारी एक विजेची किटली आणली. आईनं चहासाठी पाणी घेतलं की तिची नोंद होते आणि दूर राहणाऱ्या मुलाला ती कळते. काही दाबायचं नाही, गळ्यात काही घालायचं नाही. सकाळभर किटलीला हात लागला नाही, तर ते न लागणंच निरोप पोचवतं. मला ही कल्पना फार आवडते, कारण तिच्यात माणसाच्या रोजच्या सवयीचा मान राखलेला आहे. हॉलमध्ये कॅमेरा लावून आई साडी नीट करतानाही परदेशातल्या मोबाइलवर दिसणार, ही गोष्ट मला कधीच पटलेली नाही. काळजीपोटी केलं म्हणून ते कमी बोचतं असं नाही.

पण बटण असून ते दाबलं जात नाही, हे या सगळ्यातलं खरं दुखणं. केंब्रिजमध्ये नव्वदी ओलांडलेल्या 110 जणांचा वर्षभर बारकाईनं मागोवा घेतला गेला. 2008 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. मदतीची बटणं तिथे बहुतेकांना मिळण्यासारखी होती. तरीही जे पडून बराच वेळ तसेच राहिले, त्यांतल्या बहुतेकांनी ती वापरलीच नाहीत.

का, ते मला माझ्या मावशीकडे पाहून थोडंफार कळतं. पुण्यात दुसऱ्या मजल्यावर ती एकटी राहते. सुपारीएवढं ते करडं बटण तुळशीच्या माळेसोबत तिच्या गळ्यात असतं. फक्त अंघोळीला जाताना काढून न्हाणीघराबाहेरच्या खुंटीला अडकवते. पाण्यानं बिघडेल म्हणते. ते पाण्यातही चालतं हे तिला सांगून झालंय. ओली फरशी, साबण, बादलीवर वाकणं, वाकून झटकन उठल्यावर येणारी घेरी, हे सगळं न्हाणीघरात आणि बटण खुंटीवर. एकदा सरळ विचारलं, तर म्हणाली, “अगं, दाबलं आणि काही झालेलंच नसलं, तर? चार माणसं धावत यायची उगाच.”

जन्मभर दुसऱ्यासाठी उठलेल्या बाईला, आपल्यासाठी कुणी उठावं हे मागता येत नाही. यावर यंत्रात उपाय नाही. 2018 पासून काही घड्याळं जोराचं पडणं स्वतःच ओळखतात आणि माणूस हललं नाही तर मिनिटभरानं आपणहून फोन लावतात. साध्या बटणांच्या मोबाइलवरही 5 किंवा 9 चं बटण दाबून धरलं की तातडीची मदत मागता यावी, असा नियम आपल्याकडे 2017 पासून आहे. तातडीच्या मदतीला 112 आहे, ज्येष्ठांसाठी 14567 आहे. हे नंबर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर खालच्या बाजूला, बसल्या माणसाच्या नजरेला येतील असे चिकटवावेत. पण हाक मारणं हा आपला हक्क आहे, असं मावशीला वाटायला हवं, आणि ते वाटणं आजूबाजूच्या माणसांवर अवलंबून असतं.

दाराचंही तसंच. आपल्याकडची एकटी बाई रात्री वरची कडी, खालची कडी आणि सेफ्टी डोअरचं कुलूप, सगळं लावून झोपते. मग रुग्णवाहिका खाली येऊन उभी, आणि वर दार फोडायला माणूस शोधायचा. मावशीकडे सुताराला बोलावून दोन्ही कड्या काढल्या, बाहेरून किल्लीनं उघडणारं लॅच ठेवलं. त्या दिवशी ती गप्प होती. चोराची भीती खोटी नव्हतीच. पण पडण्याची शक्यता जास्त, हे तिनं अखेर मान्य केलं.

किल्ली कुणाकडे ठेवायची, यावर खरं बोलणं झालं. सेवेच्या फॉर्मवर कुणाला कुठल्या क्रमानं कळवायचं ते लिहायचं असतं. पहिलं नाव अर्थातच लेकीचं, सिअ‍ॅटलमधल्या. पुण्यात पहाटेचे तीन वाजलेले असतात तेव्हा तिच्याकडे दुपार असते. ती जागी असते, फोनही लगेच उचलेल, फक्त येऊ शकत नाही. व्हिडिओ कॉलवर फॉर्म भरताना तिनंच आपलं नाव चौथ्या ओळीत टाकायला सांगितलं. सांगताना तिचा आवाज जड झाला होता. पहिल्या ओळीत समोरच्या भाडेकरू जोडप्याचा नंबर गेला, लातूरहून नोकरीसाठी आलेल्या. किल्ली न्यायला आलेली ती मुलगी मावशीला म्हणाली, “आजी, चुकून दाबलं तरी येणार मी. चहा मात्र करावा लागेल.” मावशीनं त्याच आठवड्यात एकदा मुद्दाम दाबून पाहिलं, चहाचं आधण आधीच ठेवून.