आधी पियानो ऐका

शूबर्टची ओळख करून घ्यायची म्हटलं की बहुतेक जण त्याच्या ‘अपूर्ण’ सिंफनीकडे वळतात. नाव कानावरून गेलेलं असतं आणि सिंफनी ऐकली म्हणजे संगीतकार कळला, असाही एक समज असतो. मी गायकांबरोबर पियानो वाजवते. मला कुणी विचारलं तर मी त्याला गीतांकडे पाठवते. फ्रान्झ शूबर्ट १७९७ मध्ये व्हिएन्नात जन्मला आणि १८२८ मध्ये तिथेच, वयाच्या एकतिसाव्या वर्षी वारला. तेवढ्या आयुष्यात त्याने सहाशेहून अधिक गीतं लिहिली. त्याचं वाद्यसंगीतही या गीतांच्याच मातीतलं आहे. फक्त गीत ऐकताना एक करावं: गळ्याच्या आधी पियानोकडे कान द्यावा.

सुरुवात ‘चरख्यावर ग्रेटशन’ या गीताने करा. १९ ऑक्टोबर १८१४ ही त्याची तारीख, तेव्हा शूबर्ट सतरा वर्षांचा होता. शब्द गटेच्या ‘फाउस्ट’मधले. एक मुलगी सूत कातत बसली आहे आणि मन प्रियकरापाशी आहे. पियानोच्या उजव्या हातात चाक फिरतं, डाव्या हातात पायाखालच्या फळीचा ठेका. ती त्याचं रूप, चाल, हसणं आठवत जाते आणि त्याच्या चुंबनाच्या आठवणीशी येताच चाक थांबतं. मग पियानो पुन्हा सुरू व्हायला बघतो, अडखळतो, परत बघतो, परत अडखळतो आणि मग कुठे लय धरतो. त्या दोन अडखळण्यांत गायिका गप्प असते. तिचं काय झालंय ते पियानो सांगतो. वाजवताना माझी सगळी परीक्षा तिथेच असते. जरा घाई झाली तर नुसतं यंत्र बंद पडून सुरू झाल्यासारखं वाटतं, जरा जास्त रेंगाळलं तर नाटक होतं.

आपल्याकडे पेटीची साथ गळ्याच्या मागोमाग जाते, ती मींड, ती जागा टिपून घेते. भावगीतात वाद्यवृंद दोन कडव्यांमधली जागा भरतो. दोन्हींत आपली आपली गोडी आहे. शूबर्टच्या पियानोला मात्र बऱ्याचदा गाणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. जेराल्ड मूर हा या साथीचा थोर वादक. ‘माझा आवाज फार मोठा होतोय का?’ हा साथीदाराचा नेहमीचा प्रश्न त्याने आपल्या आत्मचरित्राला शीर्षक म्हणून दिला. फिशर-डिस्काऊ या गायकाबरोबरचं त्याचं ध्वनिमुद्रण ऐका, मूर किती हळू वाजवूनही किती बोलतो ते कळेल.

दुसरं ऐकायचं ते ‘हिवाळी प्रवास’मधलं पहिलंच गीत. विल्हेल्म म्युलरच्या कवितांवरची ही २४ गीतांची माळ १८२७ची. प्रेमात हरलेला एक जण रात्री, बर्फात, गाव सोडून निघतो. पियानोत सुरुवातीपासून त्याची पावलं पडत राहतात, एकसारखी. पहिली कडवी कोमल गंधारातली. शेवटच्या कडव्यात तो झोपलेल्या मुलीच्या दाराशी येतो, तिची झोप मोडू नये म्हणून जपतो आणि तिथे गंधार शुद्ध होतो. पावलं तीच राहतात. पाश्चात्त्य संगीतात शुद्ध गंधार आनंदाचा आणि कोमल दुःखाचा, असं ढोबळपणे शिकवतात. इथे शुद्ध गंधार लागतो आणि दुःख आणखी खोल जातं. रागदारीवर वाढलेल्या कानाला हा एका स्वराचा फरक लगेच कळतो. शूबर्ट ऐकायला तेवढं भांडवल पुष्कळ आहे.

इथवर आलात की वाद्यसंगीताचं दार उघडंच आहे. शूबर्टने स्वतःची गीतं पुनःपुन्हा वाद्यरचनांत घेतली. ‘मृत्यू आणि तरुणी’ हे १८१७चं छोटं गीत घ्या. पियानो आधी संथ, गंभीर स्वरसंघ वाजवतो. मग घाबरलेली मुलगी मृत्यूला दूर जायला सांगते. मग मृत्यू जवळजवळ एकाच स्वरावर, शांतपणे तिला उत्तर देतो. १८२४ मध्ये चार तंतुवाद्यांच्या रचनेत शूबर्टने हे गीत पुन्हा हाती घेतलं, तेव्हा तो स्वतः गंभीर आजारी होता. दुसऱ्या भागात त्याने मुलीचा आक्रोश घेतला नाही. पियानोचे ते मृत्यूचे स्वरसंघ तेवढे घेतले आणि त्यांच्यावर एकामागून एक रूपं रचली. गीत आधी ऐकलेलं असेल तर या निवडीचा अर्थ पोचतो. नसेल तर ती एक सुंदर, उदास चाल वाटते आणि अर्धं काम हातून निसटतं.

‘ट्राउट’ पंचवादनाचंही तसंच. मूळ गीतात पियानोवर माशाची चपळ उसळी आहे. १८१९च्या पंचवादनात, चौथ्या भागात, व्हायोलिन ती धून वाजवतं तेव्हा ती उसळी गायब असते. धून निरनिराळी रूपं घेत जाते आणि अगदी शेवटी पियानोत मासा परत उसळतो. ओळखीच्या कानाला तिथे हसू फुटतं. ‘वाँडरर फँटसी’ आणि इतर रचना तुम्हाला यानंतर आपोआप सापडतील.

एका रचनेबद्दल मात्र थांबून सांगते. मृत्यूच्या दोन महिने आधी, सप्टेंबर १८२८ मध्ये पूर्ण केलेला बी-फ्लॅटमधला सोनाटा, शूबर्टच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक ९६०. इथे कुठल्याही गीताची धून नाही, शब्द नाहीत, तरी पहिली ओळ गळ्यातून आल्यासारखी येते. ती संपते न संपते तोच अगदी खालच्या सप्तकात, अगदी हळू, कोमल धैवतावर एक कंप उमटतो. मग शांतता. मग तीच ओळ पुन्हा. या कंपाचा अर्थ अनेकांनी अनेक प्रकारे लावला आहे. मला तो ग्रेटशनच्या चाकाच्या आणि गाव सोडणाऱ्याच्या पावलांच्या जातीचा वाटतो: गाणारा जे बोलत नाही, ते पियानो बोलतो. या सोनाटात तर गाणाराही पियानोच आहे आणि न बोललेलं सांगणाराही तोच.

एक विनंती आहे. यातलं काहीही कामं करता करता लावू नका. गीताचा अर्थ आधी भाषांतरात वाचा, जर्मन येत नसलं तरी चालतं. मग तेच गीत लागोपाठ दोनदा ऐका, दुसऱ्यांदा नुसता पियानो. ग्रेटशनचं गीत साडेतीन-चार मिनिटांचं आहे. ‘अपूर्ण’ सिंफनीची पहिली मैफल शूबर्टच्या मृत्यूनंतर ३७ वर्षांनी झाली. तुम्ही ती महिनाभर उशिरा ऐकलीत तर काही बिघडत नाही.