शाळेचा ‘श’

हापूसच्या बागा राखायला आणि मिरकरवाड्याच्या बोटींवर जाळी ओढायला नेपाळहून माणसं येतात, हे रत्नागिरीत कुणाला सांगावं लागत नाही. आंबा उतरला, जूनमध्ये मासेमारी बंद झाली की त्यातले बरेच जण गावी जातात. काही मात्र बायकामुलांसह बागेतच राहतात आणि त्यांची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत येतात. अशाच एका शाळेत मी मुलांचं मराठी बोलणं सुधारायला जाते. शिक्षण भाषाविज्ञानाचं, हौस यंत्रांची.

पहिला अडसर निघाला तो ‘शाळा’ या शब्दातच. नेपाळी मुलं म्हणायची ‘साला’. “बाई, साला सुटली!” असं एकीच्या तोंडून निघालं की वर्ग फिदीफिदी हसायचा, आणि त्यानंतर ती पोर प्रश्न विचारला तरी मान खाली घालायची.

तिच्या जिभेत काही खोट नव्हती. नेपाळीत श, ष, स ही अक्षरं तीन, पण रोजच्या बोलण्यात त्यांचा आवाज बहुतेक एकच, स. ळ नाहीच. ‘व’चा ‘ब’ होतो, म्हणून वहीची बही. ‘च’ची तऱ्हा उलटी. त्यांचा च आपल्या ‘चमचा’तल्या चसारखा दातांकडे झुकलेला. त्यामुळे हिंदी बोलणारी मुलं जिथे अडखळतात तो ‘चमचा’ ही मुलं पहिल्या फटक्यात बरोबर म्हणतात, पण ‘चार’ म्हणताना त्यांचा ‘चारा’ सुरू होतो. लिपी दोघांची देवनागरीच, त्यामुळे घोळ वाढतो. पुस्तकातला ‘श’ ती नीट ओळखतात, नीट लिहितात आणि ‘स’ वाचतात.

“माझ्यामागून म्हण” हा आपल्याकडचा सनातन उपाय इथे लंगडा पडतो, कारण मुलाला फरक ऐकूच येत नसतो. मी फोनवर ‘शाल’ आणि ‘साल’ ऐकवून चित्रावर बोट ठेवायला सांगितलं, तर बोटं कुठेही पडत होती. म्हणजे काम तोंडाआधी कानाचं होतं. जपानी माणसांना इंग्रजीतले र आणि ल वेगळे ऐकू येत नाहीत, यावर अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी केलेलं काम १९९१ साली प्रसिद्ध झालं. त्यांनी शिकणाऱ्यांना एकाच शिक्षकाचा आवाज न ऐकवता अनेकांचे आवाज ऐकवले. पुढच्या प्रयोगांत दिसलं की एकाच आवाजावर तयार झालेला कान नव्या माणसापुढे गडबडतो, अनेक आवाजांवर तयार झालेला टिकतो. शिवाय नुसत्या ऐकण्याच्या सरावाने उच्चारही सुधारतो.

मग मी आवाज गोळा करत सुटले. मासळी विकणारी बाई, रिक्षावाले काका, कॉलेजातली दोन मुलं, वाडीतली एक आजी. सगळ्यांनी तेच शब्द म्हटले: शाल-साल, शाप-साप, गाल-गाळ, वेल-वेळ, माल-माळ. आजीने प्रत्येक शब्दानंतर “कशाला हवंय गो हे?” असंही विचारलं, ते कापावं लागलं. खरा शत्रू पाऊस. पत्र्यावर पडणाऱ्या सरींचा आवाज ‘स’च्या सुसाट्याला गिळून टाकतो. कोकणात ध्वनिमुद्रण करायचं तर दिवाळीनंतर, पंखा बंद करून, आणि जमलं तर गाद्यांच्या कोनाड्यात बसून. व्हॉट्सॲपवर मागवलेले आवाजही कामाचे नाहीत. तिथे आवाज दाबून लहान केला जातो आणि ‘स’ ज्या वरच्या पट्टीत राहतो तिलाच कात्री लागण्याची भीती असते.

कान थोडा तयार झाल्यावर लॅपटॉप उघडला. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी बनवलेलं ‘प्राट’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. बोललेल्या आवाजाचं ते चित्र काढतं: आडवा वेळ, उभी कंपनसंख्या, जिथे जोर जास्त तिथे काळं. ‘स’चा काळा पट्टा साधारण चार-पाच हजार हर्ट्झच्या वर राहतो, ‘श’चा दोन-अडीच हजारांपासूनच सुरू होतो. लहान मुलांत आकडे थोडे वर सरकतात, फरक राहतोच. मी ‘श’ म्हटला तेव्हा ती मान खाली घालणारी पोर पडद्याजवळ येऊन म्हणाली, “बाई, खाली पण पाऊस पडला.” मग जीभ मागे, ओठ किंचित पुढे, आणि आपला पाऊस खाली आणायची शर्यतच लागली. मराठी मुलंही त्यात घुसली, आणि हसणं थांबलं ते तेव्हा. माझ्या रागावण्याने नव्हे.

फोनवर बोलून टाइप करण्याची सोय मात्र उच्चाराची परीक्षक म्हणून वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. एका मुलाने “माझी साला जवळ आहे” म्हटलं आणि फोनने निमूट ‘शाळा’ लिहिलं. मुलगा खूश. ते यंत्र आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधतं. मजकूर लिहायला ते उत्तम. पण शिकणाऱ्याला ते खोटी शाबासकी देतं. प्राट शाबासकीही देत नाही आणि नापासही करत नाही.

‘ळ’ साठी मी एवढा हट्ट धरत नाही. आपल्याच आगरी-कोळी बोलीत डोळ्याचा ‘डोला’ होतो, वऱ्हाडात काळ्याचा ‘काया’. त्यांना कोणी मराठी येत नाही म्हणत नाही. मग बागेतल्या पोरांनाच प्रमाणभाषेची फूटपट्टी का लावायची? कळण्याइतका फरक पडला की पुढे जावं.

मुलांचे आवाज जपून ठेवायचे, वर्षाने पुन्हा तपासायचे, तर पालकांची परवानगी हवी. एका वडिलांनी सरळ विचारलं, “मॅडम, ये आवाज किधर जाएगा?” प्रश्न अगदी रास्त. कुठेही नाही, माझ्या लॅपटॉपवर, आणि तुम्ही म्हणाल तेव्हा पुसीन, असं सांगितल्यावरच त्यांनी होकार दिला. दोन घरांनी नाही म्हटलं. त्यांची मुलं सरावात आहेत, नोंदीत नाहीत.

तुमच्या शाळेत नेपाळी, कन्नड किंवा हिंदी बोलणारी मुलं असतील, तर लॅपटॉपची वाट पाहू नका. गावातले पाच-सहा वेगवेगळे आवाज फोनवर घ्या आणि रोज दहा मिनिटं मुलांना ऐकवा. प्राट नंतर शिकता येईल.