झाकणावरचा काटा

पाहुण्यांपुढे कच्ची कोंबडी वाढलीय कधी? मी वाढलीय. ऑस्टिनमधल्या आमच्या बॅकयार्डात, ऑफिसच्या आठ जणांना. बाहेरून मस्त खरपूस, हाडापाशी चक्क कच्ची! शेवटी पिझ्झा मागवला.

टेक्सासमध्ये मंद धुरावर तासन्‌तास मांस शिजवणं म्हणजे जवळपास धर्मच. माझा स्मोकर साधा, उभ्या पिंपासारखा. खाली कोळसा, मध्ये पाण्याचं भांडं, वर जाळी आणि झाकणावर थर्मामीटर. त्या दिवशी काटा छान २७५ फॅरनहाइट दाखवत होता. मी बिनधास्त.

तेव्हा बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. पिंपरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये बत्तीस वर्षं काढलेला माणूस. आई गेल्यापासून दर रविवारी मी फोनवर विचारायचे, "बाबा, बरे आहात ना?" उत्तर ठरलेलं, "एकदम मजेत." इथे आल्यावर पाहिलं तर दिवसभर सोफ्यावर गप्प, आणि रात्री तीनला स्वयंपाकघरात दिवा.

पिझ्झाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी स्मोकरभोवती दोन चकरा मारल्या. "अगं, काटा झाकणाला आणि कोंबडी जाळीवर. त्याला काय कळणार तिचं?"

मग वायरवाला डिजिटल थर्मामीटर आणला. दोन प्रोब, एक जाळीपाशी ठेवायला, एक मांसात खुपसायला. आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहिले. ३२ दाखवलं, म्हणजे पास. पण वायर झाकणाखालून घेतली तर चेपते, शिवाय फट राहते. भोक पाडणं आलंच.

जागा बाबांनी ठरवली. जाळीच्या जरा खाली, पण पाण्याच्या भांड्याच्या वर. मी सेंटर पंच उचलला तर ओरडलेच. "ठोकू नको! इनॅमलचे टवके उडतील, मग तिथून गंज." खुणेवर मास्किंग टेप लावली. आधी बारीक बिट, मग पायऱ्यांचा स्टेप बिट. मला वाटलं, ड्रिल तेच चालवणार. पण त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "स्पीड कमी ठेव. जोर तू नाही लावायचा, बिटला कापू दे."

अर्ध्या इंचाचं भोक पडलं. धारदार कडेने वायर सोलवटू नये म्हणून बाबांनी कड गोल कानशीने घासली आणि आत उष्णता सोसणारा सिलिकॉनचा ग्रॉमेट बसवला. किती महिन्यांनी त्यांना शीळ घालताना ऐकलं!

संध्याकाळी कोळसे पेटवले. झाकणावर २७५, जाळीवर २३०. पंचेचाळीस डिग्रींची थाप!

कोंबडी आतून १६५ झाल्याशिवाय काढायची नाही, असं ठरलं होतं. ती १२०वर असताना मी विचारलं, "बाबा, रात्री झोप का लागत नाही?"

ते बराच वेळ आकड्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुझी आई तीनच्या औषधासाठी उठवायची. अजून जाग येते."

कोंबडी १६५ला पोचेपर्यंत आम्ही बोलत होतो. पोचल्यावरही.

बाबा आता पुण्यात परत गेलेत. रविवारचा फोन चालूच आहे, पण 'बरे आहात ना' बंद. "काल रात्री किती वाजता उठलात?" एवढंच विचारते. खरा आकडा मिळतो.