हेडफोनमधलं प्रवचन मध्येच तुटतं तेव्हा



गुडघ्यांमुळे मंदिराच्या पायऱ्या चढणं होत नाही, पण प्रवचन चुकवायचं नाही, अशा आपल्या घरांतल्या कितीतरी ज्येष्ठ बायकांना मोबाइल आणि बिनतारी हेडफोन यांनी मोठा आधार दिला आहे. चातुर्मासात तर सकाळचं प्रवचन, दुपारचा स्वाध्याय आणि संध्याकाळचं शंका-समाधान असं सगळं घरबसल्या ऐकता येतं. या सोयीत एकच बारीक दुखणं आहे. आवाज मध्येच तुटतो. गाणं ऐकताना एखादी ओळ गळली तर बिघडत नाही. प्रवचनात तसं नसतं. 'नाही' हा एक शब्द गळला की वाक्याचा अर्थ उलटा होतो. 'स्यात्' किंवा 'कथंचित्' गळला तर अनेकान्ताचं वाक्य एकान्ताचं होऊन कानावर पडतं. आपल्या तत्त्वज्ञानाचं मर्मच त्या एवढ्याशा शब्दांत आहे.

आमच्या सासूबाई आता शहाऐंशी वर्षांच्या आहेत. आम्ही सगळे त्यांना आई म्हणतो. नातवाने त्यांना कान पूर्ण झाकणारा, मऊ गाद्यांचा हेडफोन आणून दिला आणि वर्षभर तो उत्तम चालला. मग एक दिवस त्या म्हणाल्या, "अगं, महाराज हल्ली अर्धंच वाक्य बोलतात की." चार दिवसांनी म्हणाल्या, "महाराजांचं न्हवं गं, माझे कानच गेले बघ." त्यानंतर त्यांनी हेडफोन पिशवीत घालून कपाटात ठेवून दिला. तक्रार नाही, चिडचिड नाही. विचारलं तर म्हणाल्या, "माझा स्वाध्याय झाला आता. तुम्ही ऐका."

यंत्र बिघडलं असेल अशी शंका त्यांच्या मनात आलीच नाही. या वयाच्या माणसाला कुठे काही अडलं की आपलंच शरीर थकलं असं वाटतं, आणि आपण घरातलेही सहज "वय झालं" म्हणून मोकळे होतो. मला हे लिहावंसं वाटलं ते यासाठीच. कुणाच्या कानांवर ठपका ठेवण्याआधी यंत्राची तपासणी झाली पाहिजे आणि ती घरच्या घरी करता येते.

घरात प्रत्येकाचं मत वेगळं होतं. हे म्हणाले, हेडफोन जुना झाला, नवा घेऊ. नातू म्हणाला, इंटरनेट कमी पडतंय. सूनबाई म्हणाल्या, कानांच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घेऊ. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. इथेही प्रत्येकाच्या हाताला काहीतरी लागत होतं, अख्खा हत्ती कुणालाच दिसत नव्हता.

पहिली चाचणी अगदी सोपी आहे. हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवा, त्याच खुर्चीत बसा, त्याच वेळेला ऐका. मी अर्धा तास ऐकलं. मलाही शब्द गळत होते. मी म्हटलं, "आई, मलाही तुटकच ऐकू येतंय." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "खरं सांगतेस? का माझं मन राखतेस?" मी हेडफोन नातवाच्या कानांवर ठेवला. तोही म्हणाला, "पणजी, खरंच तुटतंय." त्या संध्याकाळी त्या पुष्कळ दिवसांनी मोकळेपणाने जेवल्या. दुरुस्ती अजून व्हायचीच होती, पण अर्धं दुखणं तिथेच गेलं.

कॉलेजात आम्हाला तेरीज पत्रक शिकवत. दोन बाजू जुळल्या नाहीत तर सगळ्या वह्या उलथ्यापालथ्या करायच्या नाहीत, आधी फरकाचा आकडा पाहायचा. फरकाला नऊने भाग गेला तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव, म्हणजे ५४ च्या जागी ४५. फरकाच्या बरोबर निम्म्या रकमेची नोंद सापडली तर ती चुकीच्या बाजूला गेली असेल. चूक स्वतःच आपला पत्ता सांगते. तुटणाऱ्या आवाजाचंही तसंच आहे. तो कसा तुटतो, कधी तुटतो, ते आधी नीट ऐकायचं.

इंटरनेट कमी पडत असेल तर पडद्यावर गोल चकती फिरते, चित्रही थांबतं, आणि पुन्हा सुरू झाल्यावर रेकॉर्ड केलेलं प्रवचन जिथे थांबलं तिथूनच पुढे चालतं. उशीर होतो, शब्द बहुधा गळत नाही. मोबाइल आणि हेडफोन यांच्यातला धागा तुटत असेल तर चित्र छान चालू राहतं, महाराजांचे ओठ हलत राहतात आणि शब्द मात्र गायब होतो. तिसरा प्रकार म्हणजे मूळ रेकॉर्डिंगच तुटकं असणं. मागे जाऊन तोच भाग पुन्हा ऐकावा. दर वेळी त्याच जागी तुटत असेल तर सभामंडपातल्या माइकचा दोष, वेगवेगळ्या जागी तुटत असेल तर आपल्या घरचा. पक्की खात्री हवी असेल तर प्रवचन आधी मोबाइलमध्ये उतरवून घ्यावं, विमान मोड लावावा, फक्त ब्लूटूथ चालू ठेवावं आणि ऐकावं. तरीही तुटलं तर इंटरनेटला निर्दोष सोडायचं. आमच्याकडे तसंच झालं.

आता हा बिनतारी धागा म्हणजे काय, ते थोडं समजून घेऊ. ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड ब्लूटूथ राजावरून आलं. त्याने तुकडे जोडले असं म्हणतात, म्हणून जोडणाऱ्या तंत्राला त्याचं नाव. मोबाइल आणि हेडफोन एकमेकांशी सुमारे २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर बोलतात. तिथे त्यांच्यासाठी ७९ अरुंद वाटा आहेत आणि ते सेकंदाला १६०० वेळा वाट बदलतात, म्हणजे एका वाटेवर गोंगाट असला तर दुसरीवरून निरोप जातो. पण याच पट्ट्यात घरातलं वायफायही बोलतं आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच आसपास चालतो. शिवाय या लहरी पाण्यात शोषल्या जातात, आणि आपलं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच. लोखंडी कपाट किंवा स्टीलचं पिंप तर त्यांना परतच फिरवतं. अंतर साधारण दहा मीटरचं सांगतात, ते मोकळ्या जागेतलं. मध्ये भिंत आली की ते कमी होतं.

हे लक्षात घेऊन मी एक वही केली. तारीख, वेळ, आई कुठे बसल्या, मोबाइल कुठे होता, घरात काय चालू होतं आणि आवाज कसा तुटला. आठ दिवसांत वहीने तीन वेगवेगळी कारणं दाखवली.

पहिलं कारण, मोबाइलची जागा. अधूनमधून एखादाच शब्द गळायचा, विशेषतः आई कूस बदलून टेकल्या की. त्यांचा मोबाइल बटव्यात, बटवा डाव्या कमरेला खोचलेला. अशा हेडफोनमध्ये लहरी पकडणारा भाग बरेचदा एकाच कानाच्या बाजूला असतो. तो उजवीकडे असेल आणि मोबाइल डाव्या कमरेला, तर मध्ये सगळं शरीर येतं. आम्ही मोबाइल समोरच्या छोट्या स्टुलावर ठेवायला लागलो. सुटे शब्द गळणं त्याच दिवशी थांबलं.

दुसरं कारण ऐकून तुम्हाला हसू येईल. संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा या वेळेत आवाज नुसता चिंध्या होऊन यायचा. आपल्याकडे सूर्यास्ताआधी जेवायचं. नातू क्लासहून येतो, हे दुकानातून येतात, सगळ्यांना पाच-दहा मिनिटांच्या अंतराने ताट हवं. त्या तासाभरात आमचा मायक्रोवेव्ह थंड होत नाही. आईंची खुर्ची नेमकी त्याच भिंतीच्या पलीकडे! त्याच वेळेला शंका-समाधान. मायक्रोवेव्हच्या दारातून अगदी थोडी लहर बाहेर येते. मर्यादेतली असली तर तिची भीती बाळगायचं कारण नाही. पण त्याची ताकद शेकडो वॉटची आणि ब्लूटूथचा आवाज काही मिलिवॉटचा. नगारा वाजत असताना शेजारी कुणी कुजबुजावं तसं. आम्ही खुर्ची खिडकीपाशी नेली आणि दूध-भाजी गॅसवर गरम करायला लागलो. वायफायचा डबाही त्याच फळीवर होता, तो हलवला. नातवाने मोबाइलचं वायफाय ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर लावून दिलं. त्यामुळे त्या रस्त्यावरची एक गर्दी कमी झाली.

तिसरं कारण मोबाइलच्या आत होतं. काही वेळा पडदा काळा झाल्यावर थोड्या मिनिटांत आवाज अडखळायचा, पडदा उजळला की सुरळीत. वहीत पाहिलं तर हे नेहमी दुपारनंतर, चार्जिंग कमी झाल्यावर. बॅटरी वाचवण्यासाठी मोबाइल मागे चालणाऱ्या अ‍ॅपचा हात आखडतो. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरीच्या जागी 'निर्बंध नाही' असा पर्याय निवडला आणि दुपारच्या जेवणानंतर मोबाइल चार्जिंगला लावायची सवय केली. प्रश्न मिटला.

एक पथ्य मात्र पाळलं. एका वेळी एकच बदल करायचा आणि दोन दिवस थांबायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज सुधारला तर गुण कशाचा आला ते कळत नाही, आणि पुन्हा बिघडलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मंदिरात हा विषय निघाला तेव्हा इतर मैत्रिणींकडून आणखी काही गोष्टी कळल्या. एकीच्या घरी हेडफोन सासऱ्यांच्या मोबाइलशी आणि टॅबशी एकाच वेळी जोडलेला होता. टॅबवर काही वाजलं की इकडचं प्रवचन थांबायचं. दुसरं यंत्र तोडून टाकलं की झालं. एकीकडे जोडणीच जुनी होऊन बिघडली होती. ब्लूटूथच्या यादीतून हेडफोनचं नाव 'विसरा' करून पुन्हा नव्याने जोडलं. एका मोबाइलमध्ये 'एचडी ऑडिओ' चालू होतं. ते उंची आवाजासाठी जास्त माहिती पाठवतं, म्हणून गर्दीत जास्त अडखळतं. प्रवचनाला त्याची गरज नाही, बंद केलेलं बरं. हेडफोनची स्वतःची बॅटरी उतरली असली तरी आवाज तुटतो, तेही पाहावं. आणि आवाज मोठा करून काही उपयोग नसतो. गळलेला शब्द आवाज वाढवून परत येत नाही, कानांना मात्र त्रास होतो.

हे सगळं करूनही जमलं नाही तर तारेचा साधा इअरफोन घ्यावा. त्याच्या वाटेत ना मायक्रोवेव्ह येतो, ना वायफाय. नव्या मोबाइलला गोल भोक नसेल तर टाइप-सीची छोटी जोडपिन मिळते. आणि सगळं ठीक असताना, शांत खोलीत समोर बसून बोललेलंही ज्येष्ठांना नीट कळत नसेल, तर मात्र कानांच्या डॉक्टरांकडे जाण्यात दिरंगाई नको. सूनबाईंचं म्हणणं त्या बाबतीत योग्यच होतं. आईंना आम्ही दाखवून आणलं. वयोमानाने थोडं कमी आहे, प्रवचन ऐकण्याइतकं पुरेसं आहे.

यात अपरिग्रहाचाही भाग आहे. नवा हेडफोन आणला असता तर तो त्याच भिंतीपाशी, त्याच बटव्याबरोबर तसाच तुटला असता, आणि जुना चांगला असून कचऱ्यात गेला असता. सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांत मात्र आमच्याकडे हेडफोनही नाही आणि मोबाइलही नाही. ती वेळ आतलं ऐकण्याची.

आपल्या आगमाला आपण 'श्रुत' म्हणतो, म्हणजे ऐकलेलं. कितीतरी पिढ्या ते गुरूंच्या मुखातून शिष्यांच्या कानांत असंच आलं. स्मरणशक्ती क्षीण होऊ लागली, शब्द गळू लागले, तेव्हा धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना गिरनारला शिकवलं आणि त्यांच्या हातून षट्खंडागम लिहिला गेला. श्रुतपंचमीला आपण त्याचीच आठवण करतो. गळणारा शब्द वाचवायची काळजी आपल्या परंपरेत इतकी जुनी आहे.

तोच धागा धरून मी आईंच्या मांडीवर मोठ्या अक्षरांचं तत्त्वार्थसूत्र ठेवलं. दशलक्षण पर्वात रोज एका अध्यायावर प्रवचन असतं, तेव्हा महाराज जे सूत्र सांगतात त्यावर त्या बोट ठेवतात. चुकून एखादा शब्द गळलाच तर तो पानावर असतोच. परवा मीच स्वयंपाकघरातून विचारलं, "आई, आत्ता महाराज काय म्हणाले?" तर त्यांनी हेडफोन एका कानावरून बाजूला केला आणि मला सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं.

जय जिनेंद्र.