नक्षी

टायर हा काय निबंधाचा विषय झाला, असे मैत्रिणींनी विचारले तेव्हा मी काही बोलले नाही. चंद्र, प्राजक्त, पहिला पाऊस आणि आजीचा बटवा यांच्यावर आपल्या अंकात दरवर्षी कोणी ना कोणी लिहितेच. पण ज्या घरात रबराच्या वासाशिवाय सकाळ उजाडत नाही, त्या घरातल्या मुलीने प्राजक्तावर काय लिहावे? कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर, आंबा घाट चढून वर आले की थोड्या अंतरावर आमचे टायर रिमोल्डिंगचे दुकान आहे. झिजलेले टायर यायचे, त्यांची वरची कातडी घासून काढायची, सोल्युशन लावायचे, नवे रबर चढवायचे आणि साच्यात घालून वाफेवर शिजवायचे. साचा उघडला की टायरवर कोरी करकरीत नक्षी उमटलेली असते. लहानपणी मला वाटे, ही नक्षी साडीच्या काठासारखी शोभेसाठीच असते. आबांनी एकदा भर पावसात मला दुकानाच्या दाराशी उभे केले आणि समोरून जाणाऱ्या एस.टी.ची चाके दाखवली. चाकाच्या मागून पाण्याच्या धारा उडत होत्या. आबा म्हणाले, “ती नक्षी पाणी बाहेर फेकते बघ. पाणी गेले की रबर रस्त्याला भेटते.”

ज्याची नक्षी पुरी गेली, तो टायर आमच्याकडे ‘गोटा’ म्हणून ओळखला जातो. गोटा ही शिवीच समजा. म्हणून मागच्या वर्षी मावसभाऊ अमेरिकेहून आला आणि दुकानातल्या बाकावर बसून, “काका, आम्ही मुद्दाम पैसे मोजून गोटा टायर विकत घेतो,” असे म्हणाला, तेव्हा साच्याजवळची माणसेसुद्धा हातातले काम टाकून बघू लागली.

दादा मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ राहतो. त्याच्याकडे एक जुनी मस्टँग आहे. उन्हाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी ती घेऊन तो ड्रॅग शर्यतीला जातो. या शर्यतीत वळण नसते. दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या राहतात आणि दिवा हिरवा झाला की पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, सरळ पळतात. सारा खेळ पहिल्या क्षणी चाक किती घट्ट धरते यावर. तेथे नक्षीचा अडथळाच होतो, कारण नक्षी म्हणजे खाच, आणि खाच जिथे आहे तिथे रबर रस्त्याला टेकत नाही. म्हणून या शर्यतीचे मागचे टायर अगदी गुळगुळीत असतात. त्यांना ‘स्लिक’ म्हणतात. रबर मऊ, बाजूच्या भिंती इतक्या लवचिक की गाडी सुटताना त्यांना सुरकुत्या पडतात. हवा जेमतेम बारा-पंधरा पाउंड. शर्यतीआधी चाक ओले करून जागच्या जागी फिरवतात, धुराचा लोट उठतो, रबर तापते आणि चिकट होते. ती पट्टीही मुद्दाम चिकट द्रव्य मारून तयार केलेली असते.

आबा हे सगळे मन लावून ऐकत होते. दादाने पुढे सांगितले की १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातली पोरे जुन्या टायरवर रुंद, गुळगुळीत रबर चढवून घेत आणि त्यावरच शर्यती खेळत. खास शर्यतीसाठी घडवलेले स्लिक त्यानंतर आले. हे ऐकताच आबांचा चेहरा एकदम खुलला. “म्हणजे रिमोल्डच की रे!” ते म्हणाले. साता समुद्रापलीकडे आपल्या धंद्याचे कोणी गणगोत निघावे, याचा त्यांना कोण आनंद झाला!

मग त्यांनी विचारले, “आणि पाऊस आला तर?”

“पावसात शर्यत नसते, काका. दोन थेंब पडले तरी थांबवतात.”

“शर्यतीचे नव्हे. घरी कसा येतोस?”

दादा थोडा हसला. पट्टी त्याच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. टायर बदलण्याचा कंटाळा येतो, म्हणून तो सकाळी घरूनच स्लिक चढवून निघतो आणि रात्री त्याच चाकांवर परत येतो. मग त्याने एक हकिगत सांगितली, तीही गमतीची म्हणून. परतताना एकदा सर आली, पुलाखाली पाणी साचले होते, आणि गाडीचा मागचा भाग त्याला न विचारता पुढे आला. गाडी गरकन फिरून रस्त्याकडेच्या गवतात थांबली. मागून कोणी येत नव्हते. “एक ओरखडा नाही,” दादा म्हणाला. कोणीच हसले नाही.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागले. पाण्यावर चाक का तरंगते, याचा अभ्यास विमानांसाठी झाला. ओल्या धावपट्टीवर उतरणारी विमाने घसरत, म्हणून नासाच्या लँगली येथील संशोधकांनी प्रयोग केले आणि १९६३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यातून एक सोपे सूत्र मिळाले. कला शाखेच्या वाचकांनी घाबरू नये. मीही तुमच्यातलीच आहे. टायरमधली हवा जितके पाउंड असेल, त्या आकड्याचे वर्गमूळ काढायचे आणि १०.३५ ने गुणायचे. येईल तो ताशी मैलांचा वेग. पाण्याला बाहेर पडायला वाट नसेल, तर त्या वेगाच्या आसपास चाक रस्ता सोडते आणि पाण्यावर चढते. हवा ३० पाउंड असेल, तर हा वेग ताशी सुमारे ९१ किलोमीटर येतो. १२ पाउंड असेल, तर फक्त ५८. नक्षी शाबूत असली की पाणी खाचांतून निघून जाते आणि ही वेळ सहसा येत नाही. दादाच्या चाकांत हवाही कमी आणि खाच एकही नाही. पट्टीवर ज्या गुणांनी त्याला पहिला नंबर मिळवून दिला, त्याच गुणांनी त्याला पुलाखाली गवतात नेऊन टाकले.

आणखी एक गोष्ट मला कळली आणि ती मनातून जात नाही. डेट्रॉइटमधल्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर १९६० च्या दशकात तरुण मुले एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत शर्यती लावत. अशा रस्त्यावरच्या शर्यती थांबाव्यात, मुलांनी बंदिस्त जागेत, नियमांनी खेळावे, म्हणून वॉली पार्क्स या गृहस्थांनी १९५१ मध्येच नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली होती. म्हणजे शर्यत रस्त्यावरून उचलून पट्टीवर नेली, पट्टीने स्वतःसाठी टायर घडवला, आणि हौशी लोकांनी तो टायर पुन्हा रस्त्यावर आणला. कायद्याची नजर चुकवायला गुळगुळीत टायरवर दोन-चार उथळ रेघा मारलेले टायरही निघाले. त्यांना तिकडे सरळ ‘चीटर स्लिक’ म्हणत. आज रस्त्यासाठी मान्यता असलेले, अगदी थोड्या खाचांचे शर्यतीचे टायर मिळतात, पण ओल्या रस्त्याबद्दल त्यांचे उत्पादकच सावध करतात.

दादाला हसण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे मात्र मला वाटत नाही. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरवर किमान १.६ मिलिमीटर आणि दुचाकीच्या टायरवर ०.८ मिलिमीटर नक्षी हवी. जूनमध्ये आमच्या दुकानासमोरून जाणाऱ्या वडापच्या जीपगाड्या पाहा. गेल्या पावसाळ्यात एक वडापवाला टायर घेऊन आला. आतले धागे दिसत होते. आबा म्हणाले, “याच्यावर रबर धरणार नाही. हा बैलगाडीला दे.” तो म्हणाला, “आबा, नव्या टायरला पैसे कुठले? एवढा पावसाळा काढू द्या.” आबांनी त्याला स्वतःकडचा एक बरा टायर उधारीवर दिला. ती उधारी अजून वहीत आहे.

त्या वडापवाल्याचा गोटा गरिबीचा आणि दादाचा हौसेचा. दोघांना एका तराजूत घालणे अन्यायाचे होईल. परंतु घाटातल्या वळणावर पाऊस दोघांना एकाच मापाने मोजतो, आणि समोरून येणाऱ्यालाही. पट्टीवर उभ्या असणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते की येथे धोका आहे. डोक्याला हेल्मेट असते, कडेला भिंत असते, रुग्णवाहिका तयार असते. रस्त्यावर जीपमध्ये कोंबून बसलेल्या दहा माणसांना, किंवा मिशिगनच्या पुलाखालून जाणाऱ्या एखाद्या म्हातारीला, आपण कोणाच्या शर्यतीत सामील आहोत हे कोणी विचारलेले नसते. माझा राग आहे तो एवढ्यावरच. गुळगुळीत टायरवर माझा राग नाही. बैलगाडीला तो चालतो, पट्टीवर तर तो राजा आहे.

दादा परत गेला. मावशी हल्ली फोनवर त्याला आधी विचारते, “तिकडे पाऊस आहे का रे?” तो बिचारा तिला साऱ्या आठवड्याचे हवामान सांगत बसतो.

गेल्या महिन्यात त्याने आबांना गाडीचा एक फोटो पाठवला. मागच्या सीटवर दोन स्लिक जुन्या चादरीत गुंडाळून ठेवले होते, शेजारी जॅक होता आणि गाडीला साधे, नक्षीचे टायर होते. आबांनी चष्मा लावला, फोटो मोठा करून चाकाकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “अजून दोन पावसाळे जातील.”